गावात ‘हात लावा’ दालन कसं उभं करायचं: कोकण किनाऱ्यावरच्या नवख्यांसाठी

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जैवविविधतेचं छोटं दालन सुरू झालं, त्याला आता चार पावसाळे झाले. देवगड तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. खाली खाडी, वर सडा (जांभ्या कातळाचं पठार), मध्ये दोन शाळा. दालन बघून गेलेली माणसं नंतर फोन करतात आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: “गुरुजी, काचेची कपाटं कुठून करून घेतलीत?”

कपाटं नाहीतच. जे आहे ते टेबलावर, उघडं, तिसरीतल्या पोराचा हात पोचेल अशा उंचीवर. जे हातात देता येत नाही ते आम्ही ठेवतच नाही. हा एक नियम पाळला की काय जमवायचं, सुतारानं काय करायचं, पैसे कशावर घालायचे, हे सगळं आपोआप सुटत जातं. आम्हाला तो सुचायला अख्खं वर्ष लागलं. तुमचं तेवढं वर्ष वाचावं म्हणून हा खटाटोप.

१. आधी एक प्रश्न लिहून भिंतीला चिकटवा

“कोकणची जैवविविधता” हा विषय नव्हे, ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव झालं. त्या नावाखाली काहीही बसतं, म्हणून सगळं गोळा केलं जातं आणि खोलीची अडगळ होते. आमची झाली होती. शेवटी आम्ही कागदावर लिहिलं: आपल्या ताटात, आपल्या विहिरीत आणि आपल्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) आज जे येतंय, ते ही पोरं मोठी होतील तेव्हाही येईल का? ताट म्हणजे मासे आणि भात, विहीर म्हणजे तिला पाणी पुरवणारा सडा, पुळण म्हणजे कासव आणि खाडीकाठची कांदळवनं. ह्यात न बसणारी वस्तू, मग ती कितीही सुंदर असो, परत पाठवायची.

सुरुवात करण्याआधी दोन-तीन ठिकाणं बघून या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ह्या चिपळूणच्या संस्थेनं कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. पिल्लं समुद्रात जाण्याच्या दिवसांत, साधारण मार्च-एप्रिलमध्ये तिथे जा आणि गर्दीला समजावून सांगणारे गावकरी कसे बोलतात ते ऐका. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. मुंबईकडे जाणं झालं तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र. बघताना “छान आहे” म्हणत फिरू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन विचारा, “इथलं सगळ्यात जास्त वेळा काय मोडतं?” त्या उत्तराइतकं कामाचं दुसरं काही हाती लागत नाही.

२. जागा

नैऋत्येकडे खिडकी असलेली खोली घेऊ नका, पाऊस थेट आत येतो. स्लॅबची गळकी खोली आणि कौलारू कोरडी खोली ह्यांत कौलारू घ्या. हवा आरपार खेळली पाहिजे. बाहेर पडवी असेल तर उत्तम, कारण पाण्याच्या आणि वाळूच्या मांडण्या पडवीतच शोभतात. विजेवर काही अवलंबून ठेवू नका. आम्हाला एका हितचिंतकानं टचस्क्रीन देऊ केला होता, आम्ही हात जोडले. आषाढात लाईट दोन-दोन दिवस नसते आणि काळ्या पडद्याला हात लावून काय कळणार?

३. कागदपत्रं

कंटाळवाणं काम आहे, पण आधीच उरका. आमच्याकडे फाईलमध्ये हे आहे:

- जागेसाठी ग्रामपंचायतीचा ठराव (शाळेची खोली असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा)
- गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीची प्रत
- दालनातल्या सगळ्या नैसर्गिक वस्तूंची यादी जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना दिलेलं पत्र आणि त्याची पोच
- माशांच्या किमान मापांच्या अधिसूचनेची प्रत, मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातून
- आवक नोंदवही: वस्तू, कुणी दिली, कुठे मिळाली, तारीख
- देणाऱ्याच्या सहीचं दोन ओळींचं दानपत्र

ह्यातल्या नोंदवहीबद्दल थोडं. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं गावातल्या झाडा-प्राण्यांची, वाणांची, त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंदवही ठेवायला हवी. पुष्कळ गावांत ती तयार होऊन कपाटात पडलेली असते. मागून घ्या. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आमच्या नोंदवहीत खाडीतल्या निवटीचा (चिखलात उड्या मारणाऱ्या छोट्या माशाचा) पत्ता नव्हता आणि आमच्या हवेत न होणारी दोन झाडं मात्र होती. संध्याकाळी वयस्कर माणसांमध्ये बसून ती वाचून काढली. तीन बैठका लागल्या, चहाचा खर्च झाला आणि नावांची भर पडली ती वेगळीच.

दानपत्राचा आग्रह धरा. “हे आमच्या आजोबांचं, परत द्या” असं दोन वर्षांनी कुणी म्हणतंच.

४. काय ठेवायचं नाही

ही पायरी चुकली तर बाकी सगळं वाया. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना सांगितलं, किनाऱ्यावर जे सापडेल ते आणा. एकानं घरच्या दारावर टांगलेलं इंद्रजाल आणलं, चौकटीत बसवलेलं, काळं, जाळीदार. आम्ही कौतुकानं मधोमध लावलं. पंधरा दिवसांनी ओळखीचे एक वनरक्षक चहाला आले, त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हे झाड नाही. हा प्राणी आहे, आणि संरक्षित आहे.”

इंद्रजाल म्हणजे समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ, सूक्ष्म जीवांच्या वसाहतीचा सांगाडा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, सगळी समुद्री कासवं आहेत. काही मोठे शंखही अनुसूचीत येतात. आपणहून मरून वाळूत पडलेलं असलं तरी ते आपलं होत नाही. व्हेलच्या उलटीचंही तेच, तिचे खटले तर आपण पेपरात वाचतोच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, तेव्हा जुन्या पुस्तकातल्या याद्यांवर विसंबू नका. आम्ही त्याच दिवशी पत्र लिहून वस्तू सुपूर्द केली. पोराला वाईट वाटू नये म्हणून वनरक्षकांनी त्यालाच सोबत नेलं, हे त्यांचं मोठेपण.

तेव्हापासून आमचा सोपा नियम: स्वयंपाकघरातून किंवा शेतातून आलेलं चालेल, किनाऱ्यावरून किंवा रानातून आलेलं आधी विचारून. तिसऱ्या, मुळे, शिनाणे, कालवं ह्यांच्या शिंपल्या जेवणानंतर फुकट मिळतात. माकुल साफ करताना निघणारा समुद्रफेस (त्याच्या आतलं पांढरं, हलकं कवच) मिळतो. पोरांच्या हातात पडून वर्षभरात फुटतात, पुढच्या रविवारी नव्या येतात. पिसं, घरटी, सापाची कात, हाडं ह्यांपैकी काहीही वनखात्याला दाखवल्याशिवाय आत घेऊ नका.

दुसरा सापळा बियांचा. बियांची पेटी सगळ्यांना आवडते आणि हौसेनं त्यात गुंजा टाकल्या जातात, लाल-काळ्या दिसतात छान. गुंज चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. काजरा, एरंड तसेच. बिब्ब्यानं आणि कच्च्या काजूच्या टरफलातल्या तेलानं कातडी भाजते. खाजकुहिलीबद्दल काय सांगायचं? ज्यानं ती आणली होती त्याच्याच मानेवर गेली. उंडी, करंज, रिठा, गारंबीची मोठी गोल बी, काजूची भाजून फोडलेली टरफलं एवढं ठेवलं तरी हाताला पुरे. फक्त तोंडात जाऊ देऊ नका, करंज काय किंवा गारंबी काय, खायची बी नव्हे.

आणि जिवंत काही नको. आम्ही चिखलासकट निवट्या आणून काचेच्या टाकीत ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिलं ते मुलांना दाखवण्यासारखं नव्हतं. निवटी बघायची तर ओहोटीला खाडीवर चला.

५. मांडण्या: आमच्याकडे टिकलेल्या पाच

साहित्य आधी सांगतो. लाकूड फणसाचं घ्या, आंब्याचं लवकर किडतं. साधा प्लाय फुगतो. खिळे आणि स्क्रू स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत लोखंड पहिल्याच पावसात गंजून लाकडावर डाग सोडतं. होड्यांची कामं करणारा सुतार मिळाला तर दुसऱ्याकडे जाऊ नका, पाणी कुठे मुरतं हे त्याला शिकवावं लागत नाही. बाकी लागतं ते असं: घासकागद, दोन खोल ट्रे, प्लॅस्टिकच्या झाकणबंद बरण्या, भिंगं सहा (दोन हरवतात), ताणकाटा, साधे लाकडी चमचे, आणि थर्मामीटर. थर्मामीटर पाऱ्याचा नको. आमचा फुटला आणि पाऱ्याचे मणी वेचायला पोरं धावली, तेव्हा पोटात गोळा आला. टोकाला तार असलेला डिजिटल घ्या.

*काळी वाळू, पांढरी वाळू.* रत्नागिरीकरांना काळा समुद्र, पांढरा समुद्र ही नावं ठाऊक असतात. काळेपणा इल्मेनाइटसारख्या जड खनिजांचा. पडवीत उन्हात दोन ट्रे ठेवायचे, एकात काळसर वाळू, एकात पांढरट. (घमेलंभर पुरते, तीही विचारून आणा.) पोरानं आधी तळहात ठेवायचा, अंदाज सांगायचा, मग थर्मामीटर खुपसायचा. काळी जास्त तापते. इथवर सगळ्यांना गंमत वाटते. मग पाटीवरचं पुढचं वाक्य: कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त गरम तर माद्या जास्त. एवढं वाचल्यावर मोठी माणसं गप्प होतात. उन्हाळे वाढले तर काय, हा प्रश्न आपण विचारायची गरज राहत नाही.

शेजारीच दीड फूट खोल लाकडी खोका, वाळूनं भरलेला, तळाशी टेबल टेनिसचे शंभर चेंडू. ऑलिव्ह रिडले मादी एका खेपेला साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि चेंडूचा ४० मिलिमीटर व्यास अंड्याच्या जवळपास जातो. हातानं उकरायचे, मोजायचे, परत पुरायचे. पुरताना कळतं की कासवाला फक्त मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हे करणं काय असतं. खरं अंडं चामड्यासारखं मऊ असतं हे पाटीवर लिहायला विसरू नका, आमचं राहिलं होतं आणि एका चौथीतल्या मुलीनंच ते दाखवून दिलं.

*पापलेटाची फळी.* ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी. फणसाच्या फळीवर मोजपट्टी कोरलेली, १३५ मिलिमीटरवर खाच. सोबत वेगवेगळ्या आकारांचे पाच लाकडी पापलेट. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला, आणि त्याच वर्षी राज्यानं माशांची किमान मापं ठरवून दिली, त्यात पापलेटाचं हे १३५. माप तोंडापासून शेपटीच्या नेमक्या कुठवर घ्यायचं ते अधिसूचनेतून प्रत्येक माशासाठी बघून घ्या, अंदाजे खाच पाडू नका. उद्घाटनाला आलेल्या मासे विकणाऱ्या एका काकींनी सगळ्यात छोटा तुकडा खाचेला लावला आणि म्हणाल्या, “गुरजीनू, ह्यां पापलेट नाय, ह्यां पापलेटाचां पिल्लू. पण गिऱ्हाईकाक ह्याच होया, तळूक बरां.” हे वाक्य आम्ही त्यांच्या परवानगीनं पाटीवर घेतलं. मच्छीमारांवर बोट दाखवणारी मांडणी गावात टिकत नाही, आणि टिकूही नये. खाणाऱ्याच्या हातात फळी द्या. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी का असते तेही ह्याच टेबलावर सांगून होतं.

*लाटांचे ट्रे.* दोन सारखे उतरते ट्रे, वाळूचा काठ. एकात बांबूच्या काड्या दाट खोवलेल्या, दुसरा मोकळा. लाकडी फळीनं पाणी ढकलून लाटा करायच्या. मोकळा काठ दहाबारा लाटांत ढासळतो, काड्यांमागची वाळू थांबते. काड्या म्हणजे तिवराची चिखलातून वर येणारी श्वासमुळं आणि कांदळाची आधारमुळं. खोटं सांगू नका, ट्रेमध्ये वादळ येत नाही, तेव्हा “कांदळवन असेल तर काहीच होणार नाही” असं लिहू नका. २०२० साली पांढरी चिप्पी राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली, त्याची नोंद द्या. सजावटीला मात्र एक फांदीही तोडायची नाही. कांदळवनाची तोड हा गुन्हा आहे आणि दालनवाल्यांनीच केला तर तोंड कुठे लपवणार?

*जांभा आणि सिमेंट.* चिऱ्याचा चार-पाच किलोंचा तुकडा आणि तेवढाच सिमेंटचा ठोकळा. दोन्ही कोरडे ताणकाट्याला लावायचे, बादलीत बुडवायचे, अर्ध्या तासानं परत वजन. सडा पाणी कसं पितो आणि खालच्या विहिरीला फाल्गुनापर्यंत कसं पुरवतो, हे हाताला कळतं. वर पावसाळ्यात फुलणाऱ्या सीतेच्या आसवांचे, गेंदांचे, दीपकाडीचे फोटो. रोपं उपटून कुंडीत लावण्याचा उद्योग करू नका. सड्याला “पडीक” म्हणणारे कातळशिल्पांचा फोटो बघून जरा थबकतात. २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि त्यांत हत्ती, गेंडा, मासे कोरलेले आहेत. म्हणजे इथल्या प्राण्यांची पहिली नोंदवही कातळावरच आहे, असं मी पोरांना सांगतो.

*भाताच्या बरण्या आणि वासाच्या डब्या.* पटणी, वालय, सोरटी, मुणगा, जे तुमच्याकडे अजून कुणी पेरत असेल ते. रुंद तोंडाच्या बरणीत हात घालून दाणा चोळून बघायचा. कीड लागते, म्हणून दरवर्षी भात झोडून झालं की जुनं काढून नवं भरा. ज्या वर्षी एखादी बरणी भरायला कुणाकडेच दाणा मिळत नाही, त्या वर्षी ती रिकामीच ठेवा. आमची एक रिकामी आहे आणि लोक सगळ्यात जास्त वेळ तिच्यापुढेच थांबतात. वासाच्या डब्यांत त्रिफळ, आमसूल, सुकलेली सुरंगी. डोळ्यांनी दिसत नाही असे एक आजोबा येतात, ते तिघांची झाडं गावात कुठे कुठे आहेत ते सांगतात.

६. पाट्या

फ्लेक्स नको. पर्यावरणाच्या दालनात प्लॅस्टिकचा फ्लेक्स हा विनोद आहे, शिवाय तो एका मोसमात फिका पडतो. आम्ही फळ्याचा काळा रंग दिलेल्या फळ्यांवर रंगानं लिहून घेतलं. पाटी माहितीनं सुरू करू नका, कामानं करा: “हात ठेवा. कुठली गरम?” चार ओळींच्या वर कुणी वाचत नाही. लिहून झाली की एक चौथीतलं पोर आणि एक आजी ह्यांना मोठ्यानं वाचायला लावा, अडखळतील तिथे शब्द बदला. आधी गावातलं नाव, मग पुस्तकातलं. खाली एक मोकळी ओळ सोडून खडू ठेवा: “तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?” आमच्या मांडणीतल्या एका शिंपलीला तीन नावं मिळाली आणि तिन्ही वाड्यांची भांडणं ऐकायला मिळाली.

७. पावसाळ्याची तयारी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा. शिंपल्या साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात कडक वाळवा, ब्लिचिंग पावडरमध्ये भिजवत ठेवू नका, खडूसारख्या ठिसूळ होतात. फोटो भिंतीपासून बोटभर पुढे टांगा, मागून हवा गेली की बुरशी कमी. टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी युक्ती मुंग्यांना चालते, वाळवीला नाही. वाळवीसाठी भिंतीचा कोपरा दर आठवड्याला बघणं एवढाच उपाय मला लागू पडलेला आहे. डांबरगोळ्या उघड्यावर नकोत, लहान मुलं त्यांना पेपरमिंट समजतात.

८. उघडायचं कधी आणि सांभाळायचं कुणी

गणपतीत उद्घाटन करण्याचा मोह आवरा. चाकरमानी आलेले असतात, गर्दी मिळते, हे खरं. पण हवा ओली, वाळू ओली, उन्हाचा पत्ता नाही, म्हणजे तुमची पहिली मांडणी बंदच. दिवाळीनंतर उघडा, सहामाही सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात शाळांना बोलवा, एका वेळी पंधरा मुलं. त्याहून जास्त घेतलीत की फळीला एकाचाच हात लागतो आणि बाकीची खिडकीवर चढतात.

सांभाळायला सातवी-आठवीतली मुलं घ्या, दोघं-दोघं, आठवड्याला पाळी बदलून. त्यांना माहिती पाठ करायला लावू नका. “तुला काय वाटतं?” एवढं विचारायला शिकवा, बाकीचं ती तुमच्याहून बरं करतात. दाराशी मोडतोड वही ठेवा: काय मोडलं, कसं, कुणी दुरुस्त केलं. मोडणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याचं लिहायचं. आमच्या वहीत आत्तापर्यंत सगळ्यात जास्त नोंदी ताणकाट्याच्या आहेत, म्हणून दोन जास्तीचे घेऊन ठेवा. चेंडूही मागवताना शंभर नव्हे, दीडशे मागवा.

किल्ली दोघांकडे असू द्या, त्यातला एक तरी वाडीतच राहणारा हवा.